उलटा हात

कैऱ्या आणायला गेले होते, एवढंच. १९६३च्या मेची सतरा तारीख. सकाळचे नऊ वाजले होते, तरी बडनेऱ्याच्या बाजारातली माती चपलेतून भाजत होती. नऊ महिन्यांच्या शालूला आदल्या दिवशी ऊन लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, कैरीचं पन्हं अंगाला चोळा, चमच्यानं पाणी पाजत राहा, उद्या चारला येऊन बघतो. मी चार कैऱ्या घेतल्या आणि घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात सगळं वाईट घडवून आणलं. ती कला मला जमते.

हे सांगायला मी योग्य बाई नाही. मॅट्रिक झालेली, वर्षभर शाळेत गणित शिकवलेली. भुताखेतांना तर आमच्या घरानं छप्पन साली, दीक्षेबरोबरच, रजा दिली. शिवाय मी भित्री, आणि भित्रीच्या साक्षीला किंमत किती? तरी ऐका. दिवा जरा जवळ ओढून घ्या.

शालूचे बाबा, देवमन, अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मार्चमध्ये ते कलकत्ता मेलमध्ये बसले आणि पुढे बोटीनं निकोबारकडच्या एका इवल्याशा बेटावर गेले. तिथे कोंबडीएवढा एक पक्षी आहे. तो वाळूचा नि पालापाचोळ्याचा ढीग रचतो आणि त्यात अंडी पुरतो. पाला कुजतो, त्याच्या उबेवर पिल्लू वाढतं आणि एकटंच उकरून बाहेर येतं. आईबाप त्याचं तोंडही बघत नाहीत. हे ऐकून मला त्या पक्षिणीचा रागही आला आणि थोडा हेवाही वाटला. नारळाच्या बागांसाठी तिथला किनारा साफ व्हायचा होता. त्याआधी जिवंत ढीग मोजून, कुठल्या किनाऱ्याला हात लावायचा नाही, हे यांनी सरकारला कळवायचं होतं.

रीत साधी होती. थर्मामीटर एकच, तोही नाजूक. म्हणून आधी उलटा हात ढिगावर ठेवायचा आणि सावकाश वीस मोजायचे. वीसपर्यंत ऊब लागत राहिली तरच थर्मामीटर खुपसायचा. जाण्याआधी महिनाभर यांनी हा सराव शालूच्या कपाळावर केला. वीस झाले की म्हणायचे, "ढीग जिवंत आहे." मी चिडायचे. ते गेल्यावर मात्र मीही तसंच मोजायला लागले, कारण घरातला थर्मामीटर मी झटकताना फोडला होता.

पाच आठवड्यांत त्यांचं पत्र नव्हतं.

कैऱ्या घेऊन आले तेव्हा सासूबाई शालूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पन्हं चोळलं, पाणी पाजलं. दर पाच मिनिटांनी माझा हात तिच्या कपाळावर.

"काहून घडी घडी चाचपून राहिली वं? कपाळ झिजन पोरीचं."

"आई, ती डोळे उघडत नाही."

"झोपली हाय ते. तू बी पड जरा. नाईतं मले दोघीइले पन्हं चोळा लागन."

बोलल्या खऱ्या, पण त्यांचा स्वतःचा हात शालूच्या पावलावरून हलत नव्हता. एक वाजता मात्र त्या उठल्या आणि स्टेशनवर बर्फ मिळतो का ते बघायला उन्हातच निघाल्या.

मी खिडक्या लावून घेतल्या. खोलीत अंधार झाला. दाराला वाळ्याची ताटी होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. शालू पाळण्यात होती, श्वास तोकडा झालेला. आणि मग वाळ्याचा वास गेला. त्याच्या जागी दुसरा आला, खारट, कुजक्या ओल्या पाल्याचा... भर मे महिन्यात, बडनेऱ्यात.

"एक..."

आवाज पाळण्याच्या पलीकडून आला. दमलेला, पण यांचाच.

"दोन... तीन..."

कढईचं झाकण पडलं तरी दचकणारी मी, जागची हलले नाही. बाहेरून दमून आलेलं माणूस घरात टेकलं की वाटतं, तसं वाटलं. शालूच्या कपाळावरचं जावळ हळूच दबलं, हाताखाली दबावं तसं.

"नऊ... दहा... अकरा..."

आवाज थांबला. मी वाट पाहिली. शालूची छातीही हलेनाशी झाली. वीस झाले नाहीत तर... एवढंच डोक्यात आलं. मी उलटा हात पुढे केला. तो कपाळाला टेकलाच नाही. मध्ये काहीतरी होतं... तापलेलं, थरथरणारं, ओळखीचं. त्याच्यावर हात ठेवून मी मोजायला लागले.

"बारा... तेरा... चौदा... सोळा..."

विसाला शालूनं लांब श्वास घेतला आणि टाहो फोडला. माझा हात अलगद तिच्या कपाळावर उतरला. कपाळ घामानं चिंब होतं.

चार वाजता डॉक्टर म्हणाले, ताप उतरतोय. मी कुणाला काही बोलले नाही. पंधरा विसरणारी गणिताची बाई काय सांगणार?

जूनअखेर हे परतले, वाळून काडी झालेले. दोन किनारे वाचले, म्हणाले. मग जेवताना सांगू लागले.

"सतरा मेला दुपारी ढिगावर हात ठेवला आणि हिवतापानं तिथेच पडलो. अकरापर्यंतचं आठवतं. बरोबर बेटावरचा म्हातारा वाटाड्या होता. रोज ऐकून माझे आकडे त्याला पाठ झाले होते. तो म्हणतो, पुढचं एका बाईनं मोजलं."

"मग?" मी भाकर मोडत राहिले.

"वीस झाले आणि मी डोळे उघडले." हे हसले. "बाईचं गणित कच्चं होतं म्हणे. 'साहब, औरत ने एक गिनती छोड़ दिया.'"

"कुठली?"

"पंधरा."

तेव्हा मी सगळं सांगितलं. ते हात धुऊन पाळण्याजवळ गेले आणि झोपलेल्या शालूच्या कपाळावर उलटा हात ठेवून मोजू लागले. चौदाला थांबले आणि माझ्याकडे बघितलं, आता तू म्हण, अशा नजरेनं.

मी तोंड उघडलंच नव्हतं. खोलीत वाळ्याचा वास सुटला. ताटी तर आम्ही पंधरा दिवसांमागेच काढून माळ्यावर टाकली होती.

"पंधरा," पाळण्याच्या पलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं.

आवाज माझा होता.