मयतीशिवायचं गाणं

पटो न पटो, हे घडलंय. गेल्या फेब्रुवारीत, बालाघाटला, भरदुपारी. मंजुषा माझी मावसबहीण, म्हणून मला सगळं ठाऊक.

विद्यापीठाचं प्रादेशिक अभ्यास केंद्र नवीनच निघालं होतं. मंजुषा तिथं कंत्राटी. साहेब म्हणाले, "उद्घाटनाला इथलं लोकगीत म्हणून मयतीचं रडणं ऐकवायचंय. रेकॉर्ड करून आणा, तुमची नोकरी पक्की."

तिरोडीकडच्या एका गावात अनुसयाबाई होत्या. मेलेल्याचं नाव घेऊन, हेल काढून रडावं तर त्यांनीच.

पण म्हातारी हटून बसली.

"मयत नसताना काहून रडू वं? एकदा निंगालं का वापस नाही जात ते. कोनाले तरी घेऊनच जाते."

तीन खेपा वाया गेल्या. चौथ्या खेपेला या बयेनं काय करावं? ओढणीखाली मोबाइल चालू ठेवला अन् म्हणाली, "आजी, नागपूरहून फोन आलता. तुमचा चैतराम ट्रकखाली गेला."

एकुलता एक लेक! म्हातारी अर्धा तास ऊर बडवून रडली.

मग मंजुषानं मोबाइल बंद केला. "चुकी झाली आजी. तो दुसराच चैतराम."

म्हातारीनं शिवी दिली नाही. डोळे पुसले.

"तुले लेकरू हाय काय वं?"

"हौ. रजत. सातवीत आहे."

"बरं."

आठ दिवसांत अनुसयाबाई वारल्या. धडधाकट चैतरामनं खांदा दिला.

उद्घाटनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलेलं. रेकॉर्डिंग सुरू झालं.

हुंदका...

जमिनीवर आपटलेल्या बांगड्या...

अन् मग हेल... "माह्या रजत रे..."

मंजुषा ताडकन उठली. बाकी सगळे शांतपणे ऐकत होते. त्यांना चैतरामच ऐकू येत होता.

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला. सुट्टी होती, रजत एकटाच होता.

"मम्मी, घर में कोई आजी बैठी है..."

"कोण आजी?"

"रो रही है... मेरा नाम ले-ले के."

मंजुषा पोचली तेव्हा पोरगं गेलं होतं. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

मयतीत तिनं तोंड उघडलं... आवाजच फुटला नाही. पोटच्या पोरासाठी तिला आजतागायत रडता आलेलं नाही.

नोकरी मात्र पक्की झाली.

परवा मी केंद्रात गेलो, तर दार लोटून ती तेच रेकॉर्डिंग ऐकत बसलेली. मी म्हटलं, "बंद कर वं ते, कशाला जीव जाळतेस?"

ती म्हणाली, "माझ्या रजतसाठी दुसरं कोण रडते?"

मी ऐकलं. मला चैतरामच ऐकू आला.

पण रेकॉर्डिंग संपलं तरी खोलीत बांगड्या वाजत होत्या... अन् मंजुषाच्या हातात एकही बांगडी नव्हती.