जाळीच्या तीन टोपल्या

"ढब्बू, टोपली नीट धर. मासे सांडतील," ताई म्हणाली. ती गुडघाभर पाण्यात उभी होती.

"मासे सांडत नाहीत, पळतात. एक तर माझ्या पँटमध्येच पळालाय."

चष्मिश हसता हसता दगडावरून घसरला.

ही तीन भावंडं सुट्टीला आजोबांकडे आली होती. आजोबांची नदीकाठी लाँड्री होती. आजीने सुरू केलेली. आजी गेल्यापासून आजोबा फारसं बोलत नसत. गिऱ्हाइकाला "उद्या मिळतील" एवढंच म्हणायचे आणि इस्त्री उचलायचे.

या हंगामात नदीचं पाणी तपकिरी झालं होतं. त्याला आंबूस वास येत होता आणि मेलेले मासे तरंगत होते. सगळ्यांनी लाँड्रीच्या साबणावर खापर फोडलं. नदी समितीच्या अध्यक्षबाई उद्या लाँड्रीला कुलूप लावणार होत्या.

"आजीची लाँड्री गेली तर आजोबा दिवसभर करतील काय?" चष्मिशने काल रात्री विचारलं होतं. म्हणून आज या टोपल्या.

लाँड्रीच्या वरच्या अंगाला कॉफीची शेड होती. तिथे कॉफीची लाल फळं सोलायचे, आतल्या चिकट बिया टाकीत भिजवायचे आणि मग धुवायचे. ताईने जाळीची एक टोपली नदीत शेडच्याही वर ठेवली, दुसरी शेड आणि लाँड्रीच्या मधे, तिसरी लाँड्रीच्या खाली. प्रत्येकीत बोटाएवढे मासे.

"आजोबा, आज साबणाला हात आखडू नका," ढब्बूने बजावलं आणि आपले मोजेही धुवायला दिले. "हे घ्या. यांना साबण भरपूर लागतो."

संध्याकाळी वरच्या टोपलीतले मासे मजेत होते. मधले सगळे मेलेले. खालचेही.

"मधली टोपली लाँड्रीच्या आधी येते," ताई हळूच म्हणाली. "साबण काही उलटा पोहत गेला नसणार."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई कुलूप घेऊन आल्या. मुलांनी त्यांना आधी टोपल्या दाखवल्या, मग शेडवर नेलं.

शेडचा मुकादम हसला. "बाई, पोरांचं काय ऐकता? आमचं धुण्याचं पाणी या खड्ड्यात साठतं. माणूस बुडेल एवढा खोल आहे. नदीत थेंब जात नाही."

"काका, फळांची सालं कुठे टाकता?" चष्मिशने विचारलं.

"गाडीत भरून मळ्यात नेतो."

"त्या गाडीत? तिचं चाक मोडलंय. वर वेलही चढलाय."

ढब्बूने कुंपणाचा एक बांबू उपसला आणि खड्ड्यात खुपसला. बांबू हातभर आत गेला आणि तसाच उभा राहिला. पाण्याच्या पातळ थराखाली सगळी सालंच होती.

"यात माणूस कसला बुडतोय? माझी पँटसुद्धा भिजणार नाही," ढब्बू म्हणाला.

ताई पलीकडे गेली आणि तिने गवत बाजूला सारलं. खड्ड्यात न मावलेलं पाणी थेट नदीत उतरत होतं.

"अहो, फळाचाच रस तो," मुकादम पुटपुटला. "विष थोडंच आहे?"

"त्यात साखर असते, काका," चष्मिश म्हणाला. "ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे गुदमरतात."

अध्यक्षबाईंनी हातातल्या कुलपाकडे पाहिलं. मग टाकीचं पाणी सोडणारी झडप बंद करून ते तिला लावलं. "खड्डा रिकामा झाला की किल्ली मागायला या," त्या मुकादमाला म्हणाल्या. नंतर त्या लाँड्रीत आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आजोबा, चूक आमची झाली. शोधायचं काम आमचं होतं, ते तुमच्या नातवंडांनी केलं."

आजोबांनी तिघांचे चिखलाचे कपडे काढून घेतले, स्वतः धुतले आणि कडक इस्त्री केली.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक शर्ट न्यायला आलं. तो बांधून तयार होता. पण आजोबांनी तो काखेत धरला, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बसा. आधी माझ्या नातवंडांनी काय केलं ते ऐका. तर झालं असं, की तीन टोपल्या होत्या..."