थेलमानांच्या हुकावरची लादी

खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या नवऱ्याच्या बाबतीत घडलं…

अजून घडतंय.

ट्रान्सिल्व्हेनियातल्या आमच्या जुन्या गावात तटबंदीचं चर्च आहे. ते बघायला बसेस भरून लोक येतात. किल्ल्या माझ्याकडे असतात. आणि पाहुणे पहिलं काय विचारतात? व्हॅम्पायर कुठे राहायचे! मी त्यांना मुकाट्याने बेकनच्या बुरुजात नेते.

पूर्वी गावातल्या प्रत्येक घराची डुकराच्या खारवलेल्या मांसाची लादी त्या थंड बुरुजात टांगलेली असायची. ज्याचा हुक त्याचा. रविवारी प्रार्थना झाली की आपली फाक कापायची आणि उरलेल्या लादीवर, कापल्या बाजूला, घराचा शिक्का दाबायचा. मध्ये कोणी हात मारला तर कळावं म्हणून. पुढे जवळजवळ सगळं गाव जर्मनीला निघून गेलं. हुक राहिले. लादी फक्त आमची.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मिशने, माझ्या नवऱ्याने, ती जर्मनीला गेलेल्या थेलमानांच्या हुकाला टांगली.

"अरे, तो त्यांचा हुक आहे," मी म्हटलं.

"ते न्यूरेंबर्गला जाऊन म्हातारे झाले. आता काय इथे नाश्त्याला येणारेत?" मिश हसला. "खिडकीचा वारा त्याच हुकाला लागतो. आपल्या कोपऱ्यात बुरशी धरते."

मार्चमधला रविवार होता. भर दुपार. मी पाहुण्यांना बुरूज दाखवत होते. एक बाई म्हणाली, "आत्ताच कापलंय वाटतं? आम्हालाही द्या की चाखायला!"

मी वळून पाहिलं.

लादीची एक फाक नव्हती. कापलेली बाजू ओली, चकचकीत… आणि तिच्यावर शिक्का.

आमचा नाही. थेलमानांचा.

कुलूप शाबूत होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बुरुजाच्या दाराशीच उभे राहिलो. प्रार्थना संपली. घंटा थांबली. आणि बंद दाराआडून… वरून… आवाज आला.

सुरी दगडावर घासल्याचा.

आम्ही धावत जिना चढलो. वर कोणी नव्हतं. लादी हलकेच डुलत होती. आणखी एक फाक गेलेली. नवा शिक्का.

"बास झालं," म्हणत मिशने लादी उतरवली आणि आमच्या कोपऱ्यात टांगली. मलाही हायसं वाटलं.

त्यानंतर लादीला कोणी हात लावला नाही.

पण मिश वाळायला लागला.

जेवण दुप्पट, तरी अंगाला लागेना. दर रविवारी, प्रार्थनेनंतर, तो पोट धरून खाली बसायचा… आणि उठायचा तो थोडा कमी होऊन. "बरंय की, ढेरी गेली!" अशी चेष्टा करायचा. शहरातल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. काही सापडलं नाही.

शेवटी मी रोझीमावशींना न्यूरेंबर्गला फोन लावला. थेलमानांपैकी आता त्याच उरल्यात.

"मावशी, तुमच्या घराचा शिक्का कुठे आहे?"

"इथे माझ्या कपाटात. का गं ट्रेनी?"

मी सगळं सांगितलं.

"येताना आम्ही तो हुक मुद्दाम रिकामा ठेवला होता," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही टांगलेलं परत काढून घेतलंत? अगं पोरी, काय केलंत हे! जा, आधी जाऊन परत टांग!"

"कोण येतं तिथे, मावशी?"

त्यांनी फोन ठेवला. नंतर कधी उचललाच नाही.

मी लादी परत थेलमानांच्या हुकाला अडकवली. त्या रविवारी तिची फाक गेली, आणि मिश पोटभर जेवून अंगणात घोरत पडला. मी त्याच्याकडे बघून रडले.

तेव्हापासून आम्ही दरवर्षी एक डुक्कर त्या हुकासाठी वाढवत होतो. भीती वाटायची, पण चाललं होतं.

या उन्हाळ्यात डुकरांमध्ये साथ आली. सरकारी माणसांनी गावातलं एकूणएक डुक्कर मारून पुरलं. आसपासच्या गावांतही तीच गत. मागच्या वर्षीची लादी गेल्या महिन्यात संपली.

मी दुकानातून विकतची आणून टांगली.

तिला कोणी शिवलंसुद्धा नाही… त्या रविवारी मिशची लग्नातली अंगठी बोटातून गळून सूपमध्ये पडली.

आता तो बिछान्यातून उठत नाही. मी धर्मगुरूंच्या पाया पडले, हुकावर घण घातला, पण हुक वाकलासुद्धा नाही. सगळं करून बघितलं. उपाय माहीत आहे, घरी वाढवलेल्या डुकराची लादी, आणि तीच माझ्याकडे नाही.

आज शनिवार. मघाशी मिश म्हणाला, "उद्या बुरुजाकडे जाऊ नकोस. माझ्याजवळ बस."

"बसते," मी म्हटलं.

"आणि ट्रेनी… मला मोठं पांघरूण दे. हे छोटं आहे म्हणून याच्यात मी मोठा वाटतो, तेवढीच गंमत होती. पण थंडी वाजते."

मी घरातलं सगळ्यात मोठं पांघरूण आणून घातलं. त्याच्या खाली कोणी आहे की नाही, तेही नीट दिसत नाहीये.