अर्धं पाऊल मागे

मैदानावर सकाळी सातला पहिलं भांडण झालं, ते एका वायरीवरून.

कॅप्टनची पांढरी काठी वायरीत अडकली आणि ती जागच्या जागी थांबली. "ही वायर इथे कोणी टाकली?"

"मी," वरून, शिडीवरून आवाज आला. "माइकवाला. उतरतो आणि उचलतो."

"उचलू नका, कडेने न्या. तीन आठवड्यांनी इथून माणसं धावणार आहेत, चाकांच्या खुर्च्या जाणार आहेत. सगळ्यांना लोटांगण घालायला लावाल."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्हीही धावणार?"

"धावणार," ती म्हणाली, "आणि जिंकणारही."

कॅप्टन हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले खांदे सरळ करणारी. डोळ्यांना उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळायचा. पण हुकूम सोडायची सवय अशी दांडगी, की मैदानाने तिचं हेच नाव पाडलं.

गेली दोन वर्षं इथे सगळ्यांचे खेळ भरत होते. काठीवाले, खुर्चीवाले, धडधाकट, सगळे एकत्र. पण भरत होते ते कसे? जो येईल त्याच्या गळ्यात पदक, आणि पाहुण्यांच्या भाषणात 'बिचारे' हा शब्द अकरा वेळा. तिने मोजला होता. यंदा तिने सगळी सूत्रं हातात घेतली. शिट्टी खरी, घड्याळ खरं, नियमांची वही खरी, आणि चुकला की बाद. "जो हरूच शकत नाही, त्याच्या जिंकण्याला कोण विचारतो?" असं तिने समितीला तोंडावर सुनावलं होतं. आणि मनातल्या मनात तिला दोनशे मीटर जिंकायचं होतं. एकदाच, पण खरंखुरं.

तिची सोबती म्हणजे वहिनी. दोघींनी एका छोट्या दोरीची दोन टोकं धरायची, शेजारी शेजारी धावायचं, वळण आलं की वहिनीने सांगायचं. त्याच आठवड्यात वहिनीचा पाय मुरगळला आणि सगळं मुसळ केरात जायची वेळ आली.

"मी येऊ?" माइकवाला म्हणाला.

"धावता येतं?"

"एका कर्ण्यापासून दुसऱ्या कर्ण्यापर्यंत रोज धावतो. फक्त कोणी टाळ्या वाजवत नाही."

तर असा तो आला. रोज सहाला. शर्टाला तापलेल्या तारेचा वास, आवाज शांत, आणि टांगा अशा लांब की तिची दोन पावलं म्हणजे त्याचं दीड. पहिले चार दिवस दोरी ताणली जायची. मग दोघांची पावलं एका तालावर पडायला लागली, आणि ती ऐकत धावणं तिला नुसत्या धावण्याहून जास्त आवडायला लागलं. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

"आज वळणावर बोलला नाहीत," एकदा ती धापा टाकत म्हणाली. "कुठे लक्ष होतं?"

"शेजारी..."

तिचे कान तापले. "आपल्या दोघांत बघायचं काम एकट्या तुमच्याकडे आहे. तेवढं तरी नीट करा."

"नीटच बघत होतो," तो म्हणाला.

वहीतला एक नियम तिने त्याला दहादा ऐकवला. शेवटच्या रेषेवर सोबती अर्धं पाऊल मागे. त्याचा पाय आधी पडला की दोघंही बाद.

"मागे राहायची शाबासकी पहिल्यांदाच मिळणार," तो हसला.

खेळांच्या दिवशी मैदान खच्चून भरलं. शेवटच्या रेषेवर झेंडा आणि माइक घेऊन तिचा मामा, निवृत्त खेळशिक्षक. शेजारच्या पट्ट्यात बँकेतली कॅशियर आणि तिचा सोबती नवरा. कॅशियरला आजवर कोणी हरवलं नव्हतं.

शिट्टी झाली. वळणावर कॅशियर पुढे होती. "आता," माइकवाला म्हणाला, "आता सोडा सगळं." आणि कॅप्टनने सोडलं. कानात वारा, छातीत आग, शेजारी तीच पावलं... आणि मग टाळ्यांचा असा कल्लोळ, की रेषा कधी पायाखालून गेली ते तिला कळलंच नाही.

"पहिली," मामाचा आवाज माइकवर घोगरा झाला होता, "पहिली आली आपली..."

"थांबा, मामा." दोरीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. "कॅप्टन, माझा पाय आधी पडला. भान राहिलं नाही. तुम्ही... तुम्ही जिंकला होतात. मी घालवलं."

कॅप्टन मामाच्या आवाजाकडे वळली.

"मामा, तू पाहिलंस?"

"अगं, टीचभर तर होतं," मामा माइक बाजूला करून कुजबुजला. "पोरी, कोणाला कळणार आहे?"

तिला रडू आलं. पदकासाठी आलं, खोटं कशाला बोला. तीन आठवड्यांच्या पहाटा होत्या त्या. पण मामाच्या त्या मऊ आवाजात तिला तोच जुना 'बिचारी' ऐकू आला, आणि तिची मान ताठ झाली.

"मला कळलंय," ती म्हणाली. "वही मी लिहिलीय. बाद म्हण, मामा. माइकवर म्हण."

मामाने म्हटलं. मग कॅशियरने टाळ्या सुरू केल्या. पाठोपाठ खुर्चीवाल्यांनी खुर्च्यांचे दांडे बडवले आणि बघता बघता सगळं मैदान दणाणलं. कॅशियर तिला शोधत आली. "पुढच्या वर्षी असंच धाव," ती म्हणाली. "पण याला बांधून ठेव."

बाद झालेल्या माणसासाठी एवढ्या टाळ्या त्या मैदानाने कधी वाजवल्या नव्हत्या. कॅप्टन त्या टाळ्यांत उभी राहिली आणि तिला इतका अभिमान वाटला, की गळ्यात काही नाही याचा विसरच पडला.

संध्याकाळी तो वायर गुंडाळत होता. काठीचा आवाज जवळ आला तसा तो थांबला.

"दुसरा सोबती बघाल आता," तो म्हणाला.

"बघणं तुमच्याकडे होतं ना?"

तो हसला नाही. "मी गप्प राहिलो असतो तर तुम्हाला पदक मिळालं असतं. पण रोज तुमच्याशी बोलताना ते माझ्या घशात अडकलं असतं. मला तुमच्याशी... रोज बोलायचंय, कॅप्टन. धावणं असो नसो."

तिने काठी बगलेत धरली. पुढे हात केला, त्याचा हात सापडेपर्यंत चाचपला, आणि धरला. मध्ये दोरी नव्हती.

"सगळ्या मैदानात मला जिंकू शकणारं, हरू शकणारं माणूस समजणारा एकच निघाला," ती म्हणाली. "त्याला मी सोडेन होय? वायर आवर. घरी चल, वहिनीला भेट. ती तुझ्यावर जाम चिडलीय."

"चला म्हणालात... की चल?"

"चल," ती म्हणाली.