आडेलगुंड मावशीचा आठवडा

श्टुटगार्टमध्ये, हेस्लाखच्या चढावरच्या त्या चार मजली घरात झाडलोटीची पाटी सोमवारी सकाळी दारावर यायची. लाकडी, वीतभर, सुतळीला लटकवलेली. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा आठवडा. जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, तळघराची वाट आणि दारापुढचा रस्ता साफ करायचा, मग पाटी पुढच्या दाराला. युद्धाचं पाचवं वर्ष लागलं होतं. पलीकडच्या गल्लीतलं एक घर बाँब पडून अर्धं उरलं होतं, आणि त्या उरलेल्या अर्ध्या जिन्याची झाडलोटही तिथली माणसं पाळीपाळीने करत होती. जिना दुसऱ्या मजल्यानंतर सरळ आभाळात उघडायचा, पण तिथपर्यंत लख्ख होता.

मेता हाउग तिसऱ्या मजल्यावर राहायची. चाळिशीला टेकलेली, केस आखूड, नवरा नाही, मांजर नाही. कान्स्टाटच्या झऱ्यावरच्या स्नानगृहात ती लोकांचे कपडे सांभाळायच्या खिडकीवर बसे. लोक कोट द्यायचे, बिल्ला घ्यायचे, कोमट पाण्यात बसून यायचे आणि कोट घेऊन जायचे. त्यातल्या काहींना कोटाबरोबर एक गुंडाळलेला टॉवेल मिळे आणि टॉवेलात एक कागद. त्या कागदावर सरकारबद्दल जे लिहिलेलं असे, ते नुसतं जवळ सापडलं तरी मान जायची. मेता हे काम बरीच वर्षं करत होती. तिच्या मते त्यात धैर्याचा भाग कमी आणि टॉवेल नीट गुंडाळण्याचा जास्त होता.

ऑक्टोबरात तिच्या मागच्या खोलीत अन्सबाखर आले.

अन्सबाखर म्हणजे कान्स्टाटचे जुने चष्मेवाले. पूर्वी दर बुधवारी पाण्यात बसायला यायचे, दारावर ज्यूंना मज्जाव अशी पाटी लागेपर्यंत. पुढे दुकान गेलं, मग घर. बहिणीला ज्या गाडीत घातलं, त्याच गाडीत त्यांनाही बसायचं होतं. त्या सकाळी ते घरातून निघाले आणि स्टेशनाच्या उलट दिशेला चालत राहिले. तेव्हापासून कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गवताच्या खोलीत असं चाललं होतं. आता डोंगरापलीकडच्या एका गावची पाद्रीणबाई त्यांना न्यायला येणार होती. तोवर मेताकडे राहायचं, एवढंच.

पण अन्सबाखरांना खोकला होता. लपलेल्या माणसाला एक वेळ भूक परवडते, खोकला नाही.

"वर कोण खोकतं हो?" खालच्या मजल्यावरच्या बॉयर्लेबाईंनी मेताला जिन्यातच गाठलं. बॉयर्लेबाई कोणत्याही पक्षाच्या नव्हत्या, त्या जिन्याच्या होत्या. जिन्यावरचं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे आणि तोंडात तर मुळीच टिकत नसे, ते थेट श्वेग्लरपर्यंत पोचे. श्वेग्लर हा पक्षाचा गल्लीवर नेमलेला माणूस. कोणाकडे कोण येतं, कोण रेडिओवर काय ऐकतं, हे हुंगत फिरणं त्याचं काम.

"मावशी," मेता म्हणाली. हातात बटाट्यांची पिशवी होती, ती तिने या हातातून त्या हातात घेतली.

खोटं बोलताना माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. मेताही बोलली. मावशीचं नाव आडेलगुंड. एसेनची. घर बाँबमध्ये गेलं. डावा पाय ओढत चालते, म्हणून हल्ल्याच्या वेळी तळघरात उतरत नाही. काळी लोकरीची शाल. दिवसभर शहाजिरं चघळते. लोकांत फारशी मिसळत नाही. हा शेवटचा तपशील तिने विचारपूर्वक घातला होता.

"बाईमाणसाचा खोकला असा असतो?"

"एसेनच्या बायकांचा असतो."

बॉयर्लेबाईंनी मान डोलावली. एसेनबद्दल त्यांचं मत आधीपासूनच फारसं बरं नव्हतं.

दोन दिवसांत श्वेग्लर दारात. मावशीची इथे नोंद नाही, असं त्याचं म्हणणं. तिची नोंद उल्मला भावाकडे आहे, इथे नुसती औषधपाण्यासाठी आलीय, असं मेताने सांगितलं. श्वेग्लर म्हणाला, ठीक आहे, एकदा येऊन बघून जाईन. हे तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की मेताला त्या दिवशी जेवण गेलं नाही. अन्सबाखरांनी मावशी होऊन दाखवायची तयारी दर्शवली, पण त्यांना मिशा होत्या, आणि मिशा काढल्यावर ते जास्तच अन्सबाखर दिसले असते.

त्याच आठवड्यात पाटी मेताच्या दारावर होती.

शनिवारी ती कामावर अडकली. ट्रॅम बंद होती. चढावरून ती अक्षरशः धावत आली, कारण न झाडलेला जिना म्हणजे बॉयर्लेबाई वर येणार आणि मागोमाग श्वेग्लर. खालचं दार ढकललं तर जिना ओला होता. हिरव्या साबणाचा वास येत होता आणि त्यात दुसरा एक, तिखटसर वास मिसळला होता. तो कशाचा हे तिला वर पोचेपर्यंत सुचलं नाही.

बॉयर्लेबाई कठड्याला टेकून उभ्याच होत्या. मेताने इतक्या वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. दात चांगले होते त्यांचे.

"मावशी म्हणजे जुन्या वळणाच्या हो," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यातला मळ केसांच्या आकड्याने काढत होत्या. आजकाल कोण एवढं करतं? तुम्ही तर नाहीच करत."

मेता वर आली ती संतापूनच. दार लावून तिने अन्सबाखरांना दबक्या आवाजात झाडलं. जिन्यावर जायचं म्हणजे काय, जिवाची काही पर्वा? अन्सबाखर खुर्चीत बसून ऐकत राहिले.

"मी कुठे गेलो?" ते म्हणाले. "मला वाटलं तुम्हीच झाडताय. पाय ओढल्यासारखा आवाज येत होता. म्हटलं, दमल्या असतील बिचाऱ्या."

दोघांनी बराच वेळ विचार केला. मेताच्या घरात केसांचा आकडा नव्हता. शेवटी मेता म्हणाली की बॉयर्लेबाईंनी स्वतःच झाडून घेतलं असेल.

"दुसऱ्याच्या आठवड्यात?" अन्सबाखर म्हणाले. "त्यापेक्षा मावशी खरी असणं सोपं आहे, मेताबाई."

तो वास शहाजिऱ्याचा होता.

औषधी पाल्याच्या काढ्याने अन्सबाखरांचा खोकला बसला. चार दिवस घरात चिडीचूप. मग एका संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात मसुराची आमटी जेवत बसले होते, समोरासमोर, आणि मागच्या खोलीत कोणीतरी खोकलं. खोल, घोगरं, दोनदा. अन्सबाखरांनी हळूच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, आपण तर नाही ना हे बघायला. मेता उठली आणि खोलीचं दार उघडून पाहिलं. पलंग, कपाट, बंद खिडकी. उशीला मध्यभागी खळगा होता, पण तो अन्सबाखरांच्या डोक्याचाही असू शकत होता. तिने उशी झटकली. परत येऊन ती जेवायला बसली. आमटी गार झाली होती, तरी दोघांनी संपवली. त्या काळात अन्न टाकत नसत.

श्वेग्लर तिला कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी भेटला आणि स्वतःहून थांबला. कान लाल झाले होते त्याचे. मावशींना भेटून आलो म्हणाला. मेताने पावाची पिशवी घट्ट धरली आणि विचारलं, कधी?

"तुम्ही कामावर होतात तेव्हा. मी काही विचारणार, त्याआधी त्या म्हणाल्या, पाय पूस. मग विचारलं, आई कुठे असते, तिला पत्र का टाकत नाहीस. त्यांना कोणी सांगितलं हो, मी पत्र टाकत नाही ते?"

श्वेग्लर तसाच उभा राहिला. मग म्हणाला, नोंदीचं राहू दे सध्या, आणि निघून गेला.

आता घाबरायचं की सुटकेचा निःश्वास सोडायचा, हे मेताला ठरवता येईना. ती आळीपाळीने दोन्ही करू लागली. कामावर ती एकेक टॉवेल दोनदोनदा गुंडाळे, आणि घरी परतताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती आधी वर बघे.

पाद्रीणबाईचा निरोप आला. बुधवारी दुपारी, वर टेकडीवरच्या दफनभूमीच्या फाटकापाशी. हेस्लाखमधून तिथे दोरीने ओढली जाणारी छोटी रेल्वे जायची. सुतकातली माणसं फुलं घेऊन तिच्यातूनच जात, आणि सुतकातल्या माणसाकडे कोणी निरखून बघत नाही. अन्सबाखरांसाठी काळा कोट आला. काळी टोपी आली. मेताने हे कोणालाही सांगितलं नव्हतं, भिंतीलाही नाही.

मंगळवारी बॉयर्लेबाईंनी तिला हाक मारली. "मावशींचा निरोप आहे तुम्हाला. बुधवारी दोरीच्या गाडीने नको म्हणाल्या. पायऱ्यांनी जा, रानाच्या बाजूने."

मेताने कठडा धरला. "कशाबद्दल म्हणाल्या?"

"मी नाही विचारलं. त्यांना फार विचारलेलं आवडत नाही. तुम्हाला माहीतच असेल, तुमची मावशी."

त्या संध्याकाळी मेताने सगळ्या बाजूंनी विचार केला. बॉयर्लेबाईंना सगळं कळलंय आणि हा सापळा आहे. किंवा श्वेग्लरला कळलंय, आणि रानाच्या पायऱ्यांवर माणसं उभी असतील. नाही गेलं, तर पाद्रीणबाई पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. अन्सबाखर बुटांना काजळी फासत होते.

"पायऱ्यांनी जाऊ," ते म्हणाले.

"एका थापेच्या सांगण्यावरून? अहो, मी बनवलीय तिला. बटाटे हातात घेऊन."

"मेताबाई, या देशात त्यांच्या नावाचा कागद नाही आणि माझ्याही नाही. आम्ही एकमेकांना कशाला फसवू?"

बुधवारी ते पायऱ्यांनी गेले. शेकडो पायऱ्या, ओली पानं, अन्सबाखर दर वळणावर थांबत होते. रानाच्या कडेवरून खालचं दोरीच्या रेल्वेचं स्टेशन दिसत होतं. तिथे एक मालट्रक उभा होता. लांब कोटातली माणसं सुतकातल्या लोकांना एकेक करून टोप्या काढायला लावत होती.

फाटकापाशी पाद्रीणबाई, एक जाडजूड बाई, मोठं पुष्पचक्र घेऊन उभी होती. तिने ते अन्सबाखरांच्या हातात दिलं आणि उशीर झाल्याबद्दल बायकोसारखं खेकसली. निघताना अन्सबाखर मागे वळले.

"मावशींना माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता.

आता मावशीची गरज उरली नव्हती. मेताने दुसऱ्याच दिवशी बॉयर्लेबाईंना सांगितलं की मावशी उल्मला भावाकडे गेली.

"कधी?" बॉयर्लेबाईंनी विचारलं. "आत्ता तर पाणी न्यायला आल्या होत्या."

मेता वर गेली. मागच्या खोलीचं दार तिने बाहेरून खुर्ची लावून बंद केलं. सकाळी खुर्ची स्वयंपाकघरात, तिच्या जागी होती, आणि बसायची गादी थोपटून फुगवलेली.

सोमवारी पाटी पुन्हा तिच्या दारावर आली. गुरुवारी स्नानगृहात एक टॉवेल चुकीच्या माणसाच्या हातात गेला.

मेताला ते तपकिरी कोटातल्या माणसाच्या मानेवरून कळलं. तो टॉवेल उघडत होता आणि त्याची मान हलायची थांबली. ती मागच्या दाराने निघाली. घरी जायला नको होतं, पण वरच्या फळीवर इतर लोकांसाठीचे कागद होते. ते जाळल्याशिवाय जाता येत नव्हतं.

कागद शेगडीत गेले. ती पिशवी घेऊन दाराजवळच्या बोळात आली, तर जिन्यावर बूट वाजत होते. दोन माणसं. घराला दुसरं दार नव्हतं.

दार ठोठावलं नाही, उघडलंच.

मेता कोटांच्या खुंट्यांपाशी उभी होती, हातात पिशवी.

मागच्या खोलीचं दार करकरलं. पाठीमागून पाय ओढत कोणीतरी येत होतं. शहाजिऱ्याचा वास आला. मेताला मान वळवता येईना.

दोघं माणसं तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"मेता हाउग?" थोरला म्हणाला, पलीकडे.

"कोण मेता?" तिच्या कानामागून घोगरा आवाज आला. "मी एकटी असते इथे. पाय पुसलेत का?"

दोघांनी पाय पुसले.

त्यांनी घर धुंडाळलं. मेताच्या अगदी जवळून गेले, प्रत्येक वेळी अंग चोरून, जसं टेबलाच्या कोपऱ्याला चुकवून जावं तसं. कपाटात काळे कपडे निघाले. तिच्या कोटाच्या खुंटीवर शाल होती. धाकट्याने जिन्यात जाऊन बॉयर्लेबाईंना विचारलं. त्यांचा आवाज स्पष्ट वर आला. मेता? या घरात अशी कोणी नाही. वर आडेलगुंडबाई असतात, एसेनच्या.

बॉयर्लेबाई कोणासाठी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

बूट खाली उतरले. मेता धावत जिन्यात आली. "बॉयर्लेबाई," ती म्हणाली. "अहो, मी."

बॉयर्लेबाईंनी अंगावरचं जाकीट आवळलं आणि जिन्याची खिडकी लावून घेतली.

शनिवारी जिना झाडला गेला. मेता घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. थांबलं की तिला आपल्या पायाखाली फळ्या आहेत की नाही याची खात्री वाटेना. झाडू थांबला, तसा बाहेरून बॉयर्लेबाईंचा आवाज आला.

"एक विचारू का आडेलगुंडबाई? तुमच्याकडे दिवसभर कोण चालतं हो?"

बादली या हातातून त्या हातात घेतल्याचा आवाज झाला.

"भाची," मावशी म्हणाली. "कान्स्टाटला असायची. केस आखूड. लोकांत फारशी मिसळत नाही."

"हो का? नाव काय तिचं?"

मेता दाराला कान लावून उभी राहिली.

मावशी नाव आठवत होती.