उत्साहाचं कोरं पान

शब्दकोशाच्या कार्यालयातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा आत ती एकटीच होती, 'उ' अक्षराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरून. वीस मिनिटांनी दार कुरकुरत उघडलं. लिफ्टच्या मेकॅनिकनं हात देऊन तिला वर घेतलं, खाली पडलेली एक चिठ्ठी उचलली.

"उत्साह... याचा अर्थ लिहायचा पगार मिळतो तुम्हाला?"

"अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. मी शब्दाचा उगम लिहिते."

तेव्हापासून तो दर आठवड्याला यायला लागला. कधी तेल घालायला, कधी नुसतंच बघायला. जाताना तिच्या टेबलापाशी रेंगाळायचा — "हुरूप कुठून आला हो? आणि तरतरी?" — आणि खिशातल्या वहीत काहीतरी टिपून घ्यायचा. तिला छान वाटायचं, म्हणूनच शंका यायची. धडधाकट लिफ्ट इतकी कोण तपासतं? त्यातच एका दुपारी तो समोरच्या प्रकाशनाच्या इमारतीतून बाहेर पडताना दिसला. तेही कोशच काढत होते. चार वर्षांची मेहनत — आणि आपण ती त्याच्या डोळ्यांकडे बघत वाटत बसलो.

पुढच्या खेपेला तिनं सरळ हात पुढे केला. "वही द्या. आमचे शब्द कुठे जातात ते बघायचंय."

त्याचे कान लाल झाले. "त्यांची लिफ्टही माझ्याकडेच आहे हो... वही राहू द्या ना."

तिनं ती ओढून घेतलीच. प्रत्येक पानावर एक शब्द, आणि खाली — 'आज थोड्या हसल्या.' 'सर्दी झालीय. बोलल्या नाहीत.' 'चष्मा काढून सांगितलं.' उगम एकाही शब्दाचा नव्हता.

"उत्साहाचं पान कोरं का?" आवाज सांभाळत तिनं विचारलं.

"त्याचा उगम तुम्ही सांगितलाच नाहीत."

"त्यात 'सह्' धातू आहे. सोसणं, पेलणं."

"मग माझ्यात भरपूर आहे," तो म्हणाला. "तीन महिने तुमची संशयी नजर सोसतोय."

तिला हसू आवरेना. मग ती हळूच म्हणाली, "मधे एक आठवडा आला नव्हतात... मला करमलं नाही."

त्यानं तिच्या हातातली वही घेऊन खिशात ठेवली.

"चला, चहा घेऊ," तीच पुढे म्हणाली. "पण आज शब्द विचारायचे नाहीत."

"मग बोलायचं काय?"

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली, आणि काम तसंच टाकून उठली.