न झिजणारा लेप

मिरजेच्या दंतद्रव्य परीक्षण केंद्रातलं चर्वणयंत्र अकरा दिवस अखंड चावत होतं. खाली किडक्या दाढा भरायच्या नव्या दृढलेपाचा नमुना, वर चिनीमातीची गोळी, मध्ये कृत्रिम लाळ. बारा लाख चावे, म्हणजे माणसाचं पाच वर्षांचं चावणं. लेपावर ओरखडासुद्धा उठला नव्हता.

"झालं ना मॅडम? करा सही," कंपनीचे शास्त्रज्ञ डॉ. पाठारे म्हणाले. "सोमवारपासून साठ हजार शाळकरी मुलांच्या दाढा भरायच्यात. वर्षापूर्वी दोनशे बारा मुलांच्या भरल्या, एकाचाही लेप उडाला नाही."

केंद्रप्रमुख डॉ. हेमांगी टिळेकरांनी पेन उचललंसुद्धा. तेवढ्यात यंत्र सांभाळणारे यासीनभाई पत्र्याचा डबा घेऊन पुढे आले.

"बाई, आधी हे बघता का? नियमाप्रमाणे दर पन्नास हजार चाव्यांना गोळी बदलतो आपण आणि जुनी टाकून देतो. या खेपेला मी ठेवल्या."

त्यांनी चोवीस गोळ्या टेबलावर ओळीने मांडल्या. पहिली जवळजवळ गोल होती. शेवटची हरभऱ्याच्या डाळीसारखी चपटी.

हेमांगीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आधी स्वतःवरच. सव्वीस वर्षं त्या लेप मोजत होत्या. गोळी एकदाही मोजली नव्हती.

"पाठारे, हा लेप टणक कसा होतो, पुन्हा सांगा."

"कुदळ मारणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात ना, तसं. दाब पडला की लेपातले कच्चे बंध तुटतात आणि त्यांच्या जागी पक्के जुळतात. जितकं चावाल तितका टणक!"

"आणि थांबतो कुठे?"

"थांबायचं कशाला? तीच तर खुबी."

"अहो, वरच्या दाढेला घट्टे पडत नाहीत! ती बिचारी झिजत जाणार."

"नियमात गोळी मोजायला कुठे सांगितलंय?"

"नियम लिहिणाऱ्यांच्या वेळचे लेप आधी स्वतः झिजायचे. तुमचा समोरच्याला खातो!"

त्यांनी सही केली नाही. गोळीच्या जागी माणसाची काढलेली दाढ बसवून यंत्र पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या दिवशी, तीन लाख चाव्यांना, दाढेचं कवच संपलं.

"म्हणजे सव्वा वर्ष," त्या म्हणाल्या. "मुलांना वर्ष झालंय. थोडं कवच अजून शिल्लक असेल. उद्याच बोलवा सगळ्यांना आणि लेप काढा."

"काढू की," पाठाऱ्यांनी खांदे उडवले. "ड्रिल कशाला आहे? दहा मिनिटांचं काम. उगाच आकांडतांडव!"

"मग काढून दाखवा."

यासीनभाईंनी वर्षभराइतका चावलेला एक नमुना चिमट्यात पकडून दिला. पाठाऱ्यांनी ड्रिल टेकवलं. क्षणभर पांढरी भुकटी उडाली, मग ड्रिलची नुसतीच किंकाळी. त्यांनी जोर लावला. हिऱ्याचे कण झडून ड्रिलचं टोक बोडकं पडलं. लेपावर जेमतेम खळगा होता, आणि तो आरशासारखा चमकत होता.

"मिनिटाला दोन लाख फेरे," हेमांगीबाई दातओठ खात म्हणाल्या. "मुलाने दहा महिने चावून द्यावेत तेवढे धक्के तुम्ही एका मिनिटात दिलेत. लेपाला काय कळतंय, घास आहे की ड्रिल?"

पाठारे खाली बसले.

"मग आता काय करायचं, बाई?" यासीनभाईंनी विचारलं.

"भोवतीने कोरलं तरी दाढ संपतेच. वरची वाचवायची तर खालची लेपासकट उपटायची. पुन्हा कधी न येणारी दाढ, दहा-अकरा वर्षांच्या पोरांची!"

"कंपनीतर्फे पालकांना परिपत्रक..." पाठारे पुटपुटले.

"परिपत्रक?" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "त्या दोनशे बारांच्या परवानगीवर माझी सही आहे. मी प्रत्येक दारात जाणार आहे आणि तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात. आईबापांशी मी बोलेन. मुलाला तुम्ही सांगायचं, त्याच्या डोळ्यांत बघून. यादी काढा. पहिलं नाव वाचा."

पाठाऱ्यांनी कागद उलगडला. त्यांचे ओठ हलले.

"ऐकू नाही आलं."

"स्वरूपा कांबळे," ते म्हणाले. "वय दहा."

"चला," म्हणत हेमांगीबाईंनी अंगातला पांढरा कोट काढून फेकला.